दाराशी न येणारे ग्राहक

माझी भाची जन्मजात संशयी. लहानपणी चॉकलेट देते म्हटलं, तर आधी मूठ उघडून दाखवायला लावायची. घरात तिला 'फौजदार' म्हणत. पुढे शिकली आणि एका प्रयोगशाळेत लागली.

काम असं. नाकातल्या पेशींवर वास ओळखणारी प्रथिनं असतात, त्यांना ग्राहक म्हणतात. ताटलीत वाढवलेल्या भलत्याच पेशींकडून ते बनवून घ्यायचे. पेशी बनवतातही, पण आतच डांबून ठेवतात. वास भेटणार बाहेर, पेशीच्या कातडीवर.

"म्हणजे तुझे ग्राहक दाराशी येतच नाहीत!"

"अगदी तेच गं मावशी. त्यांना हाताला धरून बाहेर आणणारं दुसरं प्रथिन शोधतेय."

ते सापडलं, असं एक दिवस यंत्राने सांगितलं. ग्राहकाला चिकटणारा एक चमकता रंग असतो. पेशीची कातडी शाबूत असेल तर तो आत शिरत नाही. चमक दिसली तर ती बाहेर आलेल्या ग्राहकांची, असा हिशेब. चमक एकदम चौपट! प्रयोगशाळेचा प्रमुख खूश. शुक्रवारी परिषदेत जाहीर करणार, आणि त्याच्या जोरावर भाचीची नोकरी कायम होणार.

हिला मात्र घास गिळवेना. इतकं सरळ झालंच कसं? आधी यंत्रावर संशय, मग रंगावर, मग शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यावर.

"तुझ्या ताटल्यांना मी हात लावलेला नाही," तो वैतागला. "बोटांचे ठसे हवेत का?"

शेवटी तिने पेशी सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. चमक कडेला नव्हतीच, पोटात होती. यंत्र चमक मोजतं, जागा बघत नाही. पण रंग आत गेलाच कसा? तिने पेशी धुण्याच्या द्रावणाची बाटली उचलून हलवली. फेस! इतर सगळ्या कामांना साबणाचंच द्रावण लागतं. त्या दिवशी सवयीने हिचाच हात त्या बाटलीकडे गेला होता. साबणाने पेशींना भोकं पाडली आणि रंग आत घुसला.

साध्या द्रावणाने पुन्हा केलं. अंधार.

ती तडक प्रमुखाकडे गेली.

"हे शनिवारी सांगता आलं नसतं?" तो म्हणाला.

"शनिवारी तुम्ही बोलून मोकळे झाला असता, सर."

"आणि तुझ्या जागेचं काय?"

"ठाऊक आहे."

शुक्रवारी तो भलत्याच विषयावर बोलला. कायमची जागा सहकाऱ्याला मिळाली. ते कळलं त्या संध्याकाळी भाची आली ती दारातूनच ओरडत, "मावशी, भाजी करपतेय!" जेवायला बसली, मजेत गप्पा मारल्या. नाक लाल, डोळे सुजलेले.

"रडलीस?"

"छे! सर्दी झालीय."

"सर्दीवाल्यांना दारातून करपलेलं कळतं होय गं?"

तिने ताट बाजूला सारलं आणि माझ्यासमोर ढसाढसा रडली.