रोहिणखेडचं पथ्य

मलकापूरला उतरले तेव्हा थंडीने हात गारठले होते. स्टेशनाबाहेर चहाचे दोन कप एकापाठोपाठ घेतले, कारण चहाशिवाय मी माणसात येत नाही. बॅगेत साड्या दोन आणि बाटल्या तीन: अश्वगंधा, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणि तिसरी कसलीशी केशराची, जिच्या जाहिरातीतली बाई अखंड हसत असते. सगळं दिनकरसाठी. दिनकर माझा धाकटा भाऊ. बुलढाण्यात एका शाळेत कारकून आहे, लग्न केलं नाही, एकटा राहतो. आठ महिन्यांपासून त्याच्यावर नैराश्याचे उपचार चालू आहेत. कारण काय, असं सगळे विचारतात. कारण सापडलं असतं तर मी त्याचा कान पकडून बाहेर काढलं असतं.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "ताई, रोहिणखेडले एक जण झाडपाल्याची पुडी देते. ती भेटली की डॉक्टरच्या गोळ्या बंद करतो." मी म्हटलं, थांब, मी येते. नाशिकहून एवढ्या घाईने मी आजवर फक्त लग्नांना गेले आहे.

मलकापूरहून एसटीत बसताना कंडक्टरने बॅग उचलून दिली. आत बाटल्या खुळखुळल्या. "मावशी, बुलढाण्यात दुकान टाकून राह्यल्या का?"

"हाव, तू बसतं का गल्ल्यावर?" मी म्हटलं. मोताळ्याकडच्या गाडीत बसले की माझी बोली आपोआप माहेरी जाते. पुढच्या सीटवरच्या बाया हसल्या. त्या दिवसातलं हसू तेवढंच.

दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, मध्येच तुरीचे पट्टे. मोताळा गेलं, मग राजूर घाट चढायला लागला आणि खिडकीतून गार वारा घुसला. एरवी दिनकर स्टँडवर येऊन उभा असतो. आज नव्हता.

दार त्यानेच उघडलं. अंगात स्वेटर, दाढी वाढलेली, दुसऱ्याचा शर्ट घातल्यासारखा बारीक झालेला. "आली का," एवढंच म्हणाला आणि खाटेवर जाऊन बसला.

चहा ठेवावा म्हणून मी स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं. वरच्या फळीवर मी आठ महिन्यांत कुरिअरने पाठवलेल्या सगळ्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. एकीचंही सील तोडलेलं नव्हतं. धूळ मात्र पुसलेली होती.

"काऊन रे? एकबी उघडली नाई?"

"तू पाठवल्या म्हणून ठेवल्या. उघडायचं मन नाई झालं."

मला राग आला, आणि लगेच लाज वाटली. बुलढाण्याला जायला हवं असं मनात आलं की मी एक बाटली पाठवून द्यायची, हे त्या फळीसमोर उभं राहिल्यावर मला कळलं. आणलेल्या तिन्ही बाटल्या मी त्यांच्याच शेजारी ठेवल्या. दुसरं काय करणार होते? जेवायला मी चून (पिठलं) आणि भाकर केली. त्याला लहानपणी फार आवडायचं. त्याने अर्धी भाकर खाल्ली आणि उरलेली ताटाखाली झाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोहिणखेडला निघालो; पुडी देणारा माणूस मला आधी स्वतः बघायचा होता. मोताळ्याला गाडी बदलायची होती आणि ती समोरून निघून गेली, त्यामुळे दीड तास फलाटावर. मी चहा घेतला, तो नको म्हणाला. दीड तासात तो एकदाच बोलला: "गोळ्या घेऊन काही वाटतच नाई, ताई. चांगलं नाई, वाईटबी नाई." मी त्याचा हात धरला. त्याने धरू दिला.

रोहिणखेडला जुन्या दगडी मशिदीच्या पुढच्या वळणावर पुडी देणाऱ्या शेषरावांचं घर आहे. मला वाटलं होतं जटा, भस्म, पाट. निघाला साठीचा शेतकरी, ओसरीवर बसून तूर निवडत होता. बायकोने पाणी आणून दिलं. शेषरावांनी दिनकरची जीभ पाहिली, झोप विचारली, भूक विचारली. मग पथ्य सांगितलं: एकवीस दिवस चहा नाही, आंबट नाही, तळलेलं नाही, दोन्ही वेळा ज्वारीची भाकर आणि मुगाचं वरण. "अन् घरातलं एक माणूस संगं बसून तेच जेवलं पाह्यजे. एकटा माणूस तिसऱ्या दिवशी पथ्य मोडते. मी पाह्यलं आहे. तुमच्यासंगं कोण जेवीन?"

दिनकर खाली बघून म्हणाला, "कोणी नाई."

माझा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागलेला होता.

"मी जेवीन की," मी म्हटलं.

"बाई, तुम्ही कुठच्या?"

"नाशिकच्या."

"राह्यता का भावापाशी एकवीस दिवस?"

पर्समध्ये उद्याचं परतीचं तिकीट होतं. नाशिकला आमचे हे एकटे, त्यांना वरणाला फोडणी देता येत नाही. मी पर्स मांडीवर ओढून घेतली. शेषरावांनी पुन्हा विचारलं नाही.

"डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत ना?" त्यांनी दिनकरला विचारलं.

"पुडी भेटली की बंद करतो."

"मंग पुडी नाईच भेटत. डॉक्टरले पुसल्याबिगर गोळ्या सोडायच्या नाईत. पुडीनं भूक लागते, झोप येते. बाकी तिले काही येत नाई." मग तुरीत हात फिरवत म्हणाले, "माह्या भावानं सोडल्या होत्या." त्यांची बायको उठून आत गेली. पुढे काय झालं ते विचारायची हिंमत आम्हा दोघांना झाली नाही.

रिकाम्या हाताने परत आलो. वाटेत कापूस तसाच होता, मला तो दिसत नव्हता.

सकाळी दिनकर मला सोडायला स्टँडवर आला. बॅग त्यानेच भरली, त्यानेच उचलली. मला बरं वाटलं, निदान एवढं तरी करतोय. गाडी सुटली तेव्हा त्याने हात केला नाही, पण वळणापर्यंत तिथेच उभा होता. मलकापूरला उतरताना बॅग जड लागली, वाटलं मीच थकले आहे.

नाशिकला पोचल्यावर ह्यांनी चहा केला. कप बाजूला ठेवून मी बॅग उघडली. साड्यांखाली जुन्या वर्तमानपत्रात एकेक करून गुंडाळलेल्या, वाजू नयेत अशा बसवलेल्या सगळ्या बाटल्या होत्या. आठ महिन्यांच्या, आणि परवाच्या तीन.

मी फोन लावला. "दिन्या, बाटल्या परत काऊन देल्ल्या रे?"

"तूच घे ताई," तो म्हणाला. "लय थकलेली दिसली मले. तुह्याकडं कोणी पाह्यते का?"

एवढ्या लांब जाऊन मी त्याची दाढी पाहिली, अर्धी भाकर पाहिली, न तोडलेली सीलं पाहिली. आणि ज्याला जेवायचीही इच्छा नाही, तो माझा चेहरा बघत बसला होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"शनिवारी येते," मी म्हटलं. "एकवीस दिवस राह्यते."

तो म्हणाला, "चहा सोडा लागीन तुले."

"सोडते. आजची गोळी घेतली का?"

"नाई."

"कालची?"

"नाई."

"जाय, घे. मी फोन धरून आहे."

चपला सरकल्या, कपाट उघडलं. माझ्यासमोर चहावर साय धरत होती. मग पलीकडून पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला.