पहिला हात मालकाचा

शिडी कोण धरत असेल? गेले पंधरा दिवस बाईंच्या डोक्यात हा एकच भुंगा होता. भाजी चिरताना तो, नळ बंद करताना तो, पेपर उलगडला की बातमीच्या आधी तो. मुलगा लाकडी शिडीच्या वरून तिसऱ्या पायरीवर, एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्यात ब्रश, आणि खाली कोणी नाही. त्यात शिडीचा डावा पाय आखूड. त्याखाली तो लाकडाची चकती सरकवतो. ती चकती हलली तर?

आज मात्र भुंग्याला सोबत होती. घड्याळात सव्वानऊ झाले होते आणि दहाच्या आत एक फोन करायचा होता. करायचा की नाही, ते ठरत नव्हतं. समोरच्या चहावर साय धरली होती.

मुलाला सगळे पेंटर म्हणत. घरीसुद्धा. वीस वर्षं तो दुकानांच्या पाट्या आणि भिंती रंगवत आला. फ्लेक्स आले तेव्हा त्याच्याबरोबरचे सगळे दुसऱ्या धंद्याला लागले, हा चिकटून राहिला. सुतळीला खडू चोळून भिंतीवर ताणायची, टिचकी मारायची, की सरळ रेघ उठते. त्या रेघेवर त्याची अक्षरं अशी बसत की शेजारच्या दुकानदारालाही आपली पाटी जुनी वाटायला लागे.

त्याची एक रीत होती. भिंत कुणाचीही असो, पहिला हात मालकाचा. रंगात बुडवलेला ब्रश तो मालकापुढे धरी आणि म्हणे, "मारा एक फटकारा. तुमची भिंत आहे." लोक हसत. किराणावाला म्हणे, "अरे, मग पैसे पण मीच घेतो." पण फटकारा मारत. मालकाने हात लावल्याशिवाय हा भिंतीला हात लावत नसे. तोंडी होकार त्याला पुरत नसे. "तोंड उद्या फिरतं," म्हणायचा. "हात एकदा लागला की लागला."

राजकारणातही त्याचं तेच. बाईंनी तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. मतदानाच्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून त्या पहिल्या दहांत उभ्या असायच्या. आणि त्यांच्याच पोटचा मुलगा चाळिशीला आला तरी त्याच्या बोटाला शाई लागलेली नाही.

"अरे, इतक्या माणसांत तुला एकही पटत नाही?"

"माणसं पटतात गं. त्यांच्या हातातली काठी पटत नाही."

"चांगल्या माणसाच्या हातात काठी द्यावी, म्हणूनच तर निवडणूक."

"चांगला माणूस काठी उगारून किती दिवस उभा राहील? हात दुखला की खाली आणेलच. कुणाच्या तरी पाठीवर."

बाईंच्या पुस्तकात अशा लोकांसाठी एक लांबलचक शब्द होता, व्यक्तिस्वातंत्र्यवादी. त्यांनी तो एकदा कौतुकाने सांगितला. पेंटर म्हणाला, "पाटीवर मावायचा नाही."

मग पालिकेतल्या आधीच्या सत्ताधाऱ्यांनी फलक परवान्याचा कायदा आणला. स्वतःच्या भिंतीवर स्वतःचं नाव लिहायचं तरी कार्यालयाचा शिक्का हवा. शिक्का कुणाला मिळे आणि कुणाला नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लॉन्ड्रीवाल्याने विरोधकांच्या सभेला खुर्च्या दिल्या, तर आठवड्यात त्याची पाटी उतरली. बाईंना पहिल्यांदा वाटलं, मुलगा म्हणतो त्यात काहीतरी आहे. पण त्यांचा उपाय एकच: सरकार बदला.

उपाय चालत घरी आला. बारक्या, बाईंच्या भावाचा मुलगा. लहानपणी पेंटरच्या शिडीला लोंबकळणारा. आता वॉर्डातून उभा होता आणि कुठल्याही बाजूने बारका उरला नव्हता. याच टेबलापाशी बसून, बशीत चहा ओतत तो म्हणाला होता, "दादा, निवडून आलो की पहिल्या बैठकीत तो कायदा फाडतो. आत्याची शपथ."

"माझी कशाला? स्वतःची घे," बाई म्हणाल्या.

पेंटरने त्याची रिकामी बशी उचलून नेली. बारक्या गेल्यावर बाईच म्हणाल्या, "एकदा दे रे मत. माझ्यासाठी."

एवढंच. आता वाटतं, त्या दिवशी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. कारण पेंटरने अर्धवट काही केलं नाही. त्याने मत दिलं. त्याआधी चाळीस भिंतींवर 'परवाना कायदा रद्द करणारच' रंगवलं, मजुरी न घेता, प्रत्येक भिंतीवर मालकाचा पहिला हात घेऊन. एक्केचाळिसावी भिंत त्याच्या वर्कशॉपची. वळणावरची ती खोली, तो राहायचाही तिथेच, यजमानांनी घेतलेली, म्हणून बाईंच्या नावावर. तिथे पहिला फटकारा बाईंनी मारला होता. वाकडा, पण जोरात.

निकालाच्या दिवशी फटाके वाजले. लॉन्ड्रीवाला रस्त्यात नाचला. "पेंटर, आता त्यांची पाळी! आता त्यांच्या पाट्या उतरतील!"

"पाट्या उतरायला नकोत म्हणून आपण एवढं केलं ना?"

"अरे हो, पण आधी त्यांच्या उतरू देत की!"

पहिली बैठक झाली. कायदा फाडला नाही, उलट त्याला एक पान जोडलं: आता पेंटरलाही कार्यालयाचं ओळखपत्र लागेल. हरलेल्यांच्या पाट्या उतरायला लागल्या. पेंटरचा जोडीदार, बारा वर्षं त्याची शिडी धरणारा, ओळखपत्र घेऊन कार्यालयाच्या कामावर गेला. जाताना रडला म्हणे. पेंटरने त्याला स्वतःचा चांगला ब्रश दिला.

"बसणारा बदलला," त्या रात्री पेंटर जेवताना म्हणाला, "खुर्चीचा पाय कोणीच कापला नाही. कापणार पण नाही, आई. बसल्यावर कोण कापतं?"

मग तो चाळीस मालकांकडे पांढरा रंग घेऊन गेला. आपण लिहिलेलं खोटं निघालं, पुसून देतो, मारा पहिला फटकारा. ब्रश पुढे धरून उभा राहिला. किराणावाला गल्ल्यामागे गेला. डॉक्टर म्हणाले, "नंतर बघू." लॉन्ड्रीवाल्याने हात जोडले, "पेंटर, माझी पाटी आत्ताच परत लागलीय रे." चाळीसपैकी एकानेही ब्रश हातात घेतला नाही. आणि मालकाचा हात नाही, तर पेंटर पुसणार नाही. आपलंच खोटं चाळीस ठिकाणी, ठसठशीत अक्षरात, तो रोज बघत जातो.

उरली वर्कशॉपची भिंत. तो बाईंकडे आला. "आधी ऐक काय लिहिणार आहे, मग हात लाव." बाईंनी ऐकलं. पदर खोचला आणि ब्रश घेतला. त्या पांढऱ्यावर त्याने माणूसभर उंचीच्या काळ्या अक्षरांत लिहिलं: मी मत दिलं. चुकलो.

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. विनापरवाना मजकूर. पुसा, नाहीतर खोली सील, सामान जप्त. मुदत आज दहापर्यंत.

काल बारक्याचा फोन आला होता. निवडून आल्यापासून तो आत्याला अहोजाहो करायचा.

"आत्या, दादाला समजवा. माझ्यावर वरून दबाव आहे."

"वर तूच आहेस ना आता?"

"वर कोणीतरी असतंच हो, आत्या." तो हसला, मग आवाज खाली आणला. "हे बघा, जागा तुमच्या नावावर आहे. दादाला विचारायची गरजच नाही. तुम्ही सकाळी फोनवर फक्त हो म्हणा. आमची माणसं येऊन पुसतील. सील नाही, जप्ती नाही. ओळखपत्राचंही मी बघतो. मालकिणीची परवानगी, झालं."

झालं. त्याला दादाची रीत पाठ होती.

बाई संध्याकाळी वर्कशॉपवर गेल्या. पेंटर टर्पेंटाइनमध्ये ब्रश धूत होता. त्यांनी सगळं सांगितलं. तो चिडेल, आदळआपट करेल असं वाटलं होतं. त्याने ब्रश झटकला, फडक्याला पुसला.

"भिंत तुझी आहे," तो म्हणाला. "हो म्हण, नको म्हण. मी अडवणार नाही."

"तुला काय वाटतं ते सांग ना."

"मला वाटून काय? माझी असती तर मी काय केलं असतं, ते तिच्यावर लिहिलंय."

"आणि सील लागलं तर? खाशील काय? राहशील कुठे?"

"बघू."

"बघू काय बघू! शिडी तरी कोण धरतं तुझी हल्ली?"

तो हसला. "चकती आहे की."

पावणेदहा. बाईंनी चहा सिंकमध्ये ओतला. नको म्हटलं, तर दहा वाजता कुलूप, सुतळी, लाख. वीस वर्षांचे ब्रश कुणाच्या तरी गोदामात. मग तो शहर सोडेल, कुठल्या तरी परक्या भिंतीवर चढेल, खाली कोणीही नसेल. हो म्हटलं, तर मुलगा इथेच राहील, जेवायला येईल, सगळं होतं तसंच. रागावणारही नाही. भिंत आईची होती, आईने हो म्हटलं. त्याच्या हिशेबात त्यात काही चूक नाही. फक्त पुन्हा कधी रंगात बुडवलेला ब्रश तो त्यांच्यापुढे धरणार नाही.

वर्गात त्या मुलांना शिकवायच्या, लोकशाहीत शेवटचा शब्द नागरिकाचा. फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारायच्या.

नऊ पंचावन्न. त्यांनी चष्मा लावला, फोन उचलला आणि बारक्याचा नंबर शोधला. तो अजूनही 'बारक्या' म्हणूनच साठवलेला होता. नको म्हणायला फोन लागणारच नव्हता; हो म्हणायचं, एवढंच. बाईंनी बटण दाबलं.