सगुणा, शिवणयंत्र आणि केतकीचा साखरपुडा

माझ्या मुलीचा साखरपुडा एका सिनेमाच्या शेवटावरून पावणेदोन तास थांबला होता. सिनेमा जुना होता, मुलगी आमचीच होती आणि चूक माझी होती.

झालं असं, की उरणजवळच्या द्रोणागिरीतल्या एका गोदामात तीस वर्षं मालाची खोकी तपासून मी निवृत्त झालो. (खोकं फुटलंय की नाही, एवढंच मी बघायचो. आत काय आहे हे मी एकदाही बघितलं नाही. पुढच्या प्रकारावर या सवयीमुळे बराच प्रकाश पडतो.) घरी बसून मी सुलभाला, म्हणजे माझ्या बायकोला, भाजी कशी चिरावी हे सांगू लागलो. चौथ्या दिवशी तिने केतकीला फोन केला, "तुझ्या बाबांना काहीतरी काम शोध, नाहीतर मला दुसरं घर शोध."

केतकीने काम शोधलं. एका कंपनीचा शिकाऊ कॉम्प्युटर जुन्या मराठी सिनेमांच्या गोष्टी लिहून दाखवणार आणि मी त्याखाली 'बरोबर' किंवा 'चूक' असं लिहून कारण द्यायचं.

"बाबा, तुम्हाला सिनेमातलं कळतं ना?" तिने विचारलं.

"कळतं?" मी म्हणालो. "अगं, पनवेलच्या टॉकीजमध्ये अर्धं आयुष्य गेलंय माझं!"

आतून सुलभा काहीतरी पुटपुटली. मी दुर्लक्ष केलं.

काम फार सोपं निघालं, कारण त्या कॉम्प्युटरला काहीच येत नव्हतं! सुरुवात ठीक लिहायचा, पण शेवट दर वेळी चुकलेला. मी सपासप 'चूक' मारत सुटलो. इतका अडाणी कॉम्प्युटर बनवणाऱ्याची मला खरोखर कीव यायला लागली.

मग साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात 'कुंकवाचा पंचनामा' आला. कॉम्प्युटरने लिहिलं होतं, 'शेवटी नायिका सगुणा नवऱ्याचं घर सोडते आणि शिवणयंत्र घेऊन स्वतःचं दुकान काढायला निघते.'

"शिवणयंत्र!" मी ओरडलो. "अगं सुलभा, ऐकलंस का? शेवटी नवरा भर पावसात तिचे पाय धरतो, देवळात घंटा वाजते आणि सिनेमा संपतो!"

"कुठला पाऊस?" सुलभा म्हणाली. "शेवटी नवरा मरतो." (हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मला आवडलं नाही.)

मी कॉम्प्युटरला दटावलं, "नवरा पाय धरतो." तो लगेच म्हणाला, 'क्षमस्व. आपलं बरोबर आहे. नवरा पाय धरतो.'

सुलभाने मला बाजूला सारून लिहिलं, "नवरा मरतो." 'अगदी बरोबर! नवऱ्याचा मृत्यू हृदयद्रावक आहे.'

मला संशय आला. मी लिहिलं, "शेवटी बैल कोर्टात साक्ष देतो." 'होय. बैलाची साक्ष हा या चित्रपटाचा परमोच्च क्षण आहे!'

याला आता विचारण्यात अर्थ नव्हता. सिनेमा डोळ्यांनी पाहिलेला तिसरा माणूस हवा होता. तेव्हा सुलभाला आठवलं, की या सिनेमाचं शूटिंग उरणजवळच्या तिच्या मामाच्या गावात झालं होतं आणि बाळाराममामांनी त्यात चक्क कामही केलं होतं! मामा रविवारी साखरपुड्याला येणारच होते. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. मी निश्चिंत झालो.

रविवारी सकाळी पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या हॉलमध्ये सगळं कसं नीट चाललं होतं. पाटावर केतकी आणि आमचे होणारे जावई बसले होते, अंगठ्या तबकात होत्या, गुरुजी पोथी चाळत होते. माझ्या उजव्या हाताला आमचे व्याही विनायकराव. निवृत्त मुख्याध्यापक, कडक माणूस. डाव्या हाताला बाळाराममामा. पाच मिनिटं मोकळी होती. मी मामांच्या कानाशी वाकून हळूच विचारलं, "मामा, 'कुंकवाचा पंचनामा'चा शेवट काय हो?"

मामांना ऐकू जरा कमी येतं, म्हणून ते बोलतात जास्त मोठ्याने.

"शेवट? शेवटाला मीच हाय ना!" हॉल दणाणला. "मी पोलीस! सगुणेला मीच बेड्या घालतो!"

"बेड्या?" विनायकराव माझ्या अंगावरून पुढे वाकले. "क्षमा करा, पण सगुणा संन्यास घेते. मी हा चित्रपट तीनदा पाहिला आहे."

"तीनदा पायला आसंल," मामा म्हणाले. "माजे हातात बेड्या व्हत्या. तुमचे हातात काय व्हता? शेंगदाने!"

विनायकरावांना जन्मात कोणी शेंगदाण्यांवरून बोललं नसावं.

"म्हणजे मी खोटं बोलतोय?" ते उठून उभे राहिले. "जिथे माझ्या शब्दाला किंमत नाही, तिथे सोयरीक कशी करायची?"

"अहो, तसं नाही!" मी घाईघाईने म्हणालो. "तुम्ही दोघंही चुकताय. शेवटी पाऊस पडतो!"

मुलीच्या बापाने अशा वेळी गप्प बसावं, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय.

त्यानंतर हॉलमध्ये तट पडले. मुलाकडचे सगळे संन्यासाच्या बाजूने. उरणकडची मंडळी बेड्यांच्या बाजूने. सुलभा आणि तिच्या सगळ्या बहिणी 'नवरा मरतो' यावर ठाम. (आम्ही चारही साडू एकमेकांकडे बघत राहिलो.) प्रत्येकाने आपापला मोबाइल काढून विचारलं आणि मोबाइलने प्रत्येकाला सांगितलं, 'आपलं अगदी बरोबर आहे!' मग काय, पुरावा मिळाल्यावर आवाज दुप्पट!

"मुहूर्त टळतोय," गुरुजी म्हणाले. सगळे त्यांच्याकडे वळले. "आणि माझ्या आठवणीप्रमाणे, तिला जुळे होतात."

पाटावर केतकी डोक्याला हात लावून बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं. आयुष्यभर जपलेलं हे एकच खोकं, आणि ते मी स्वतः फोडलं होतं. मी विनायकरावांसमोर हात जोडले. "साहेब, संन्यास तर संन्यास. मला सगळं मान्य आहे."

"असं दया म्हणून नको!" ते म्हणाले. "सत्य हवं!"

तेवढ्यात केतकी उठली. "कोणी हलायचं नाही," ती म्हणाली. दोघांच्या लहानपणीचे फोटो दाखवायला हॉलमध्ये मोठा पडदा लावला होता. जावईबापूंनी इंटरनेटवर तो अख्खा सिनेमा शोधून काढला आणि शेवटची वीस मिनिटं लावली.

शंभर माणसं ठेवणीतल्या कपड्यांत मुकाट बसली. पडद्यावर सगुणेने भगव्या रंगाचं गाठोडं बांधलं. विनायकरावांनी विजयी मुद्रेने सगळीकडे पाहिलं. मग तिने ते गाठोडं उचललं, बैलगाडीत ठेवलं, आणि त्याच्या शेजारी ठेवलं शिवणयंत्र! गाडी निघाली. नवरा दारात उभा, धडधाकट. पडद्याच्या कोपऱ्यात एका पोलिसाचा अर्धा कान दिसला.

"त्यो कान माजा!" मामा उठून ओरडले. बेड्या बहुधा एडिटरच्या कात्रीत सापडल्या होत्या, पण कानाला टाळ्या मिळाल्या.

"मरत नाही?" सुलभा हिरमुसून म्हणाली.

विनायकराव हळूच म्हणाले, "गावाची शेवटची गाडी चुकेल म्हणून मी तिन्ही वेळा दहा मिनिटं आधी उठलो होतो. गाठोडं भगवं दिसलं, मी समजलो…" आणि ते असे काही हसत सुटले, की कडक मुख्याध्यापक कुठच्या कुठे गेले! "पण व्याहीबुवा, तुमचा पाऊस कुठला?"

"मी सांगते," सुलभा म्हणाली. शंभर माणसं ऐकत होती. "नवीन लग्न झालं होतं. हे इंटरव्हलनंतर जे घोरायला लागले, ते सिनेमा संपला तरी उठेनात. शेवटी तोंडावर पाणी मारलं. तो पाऊस! बाहेर कुल्फीवाला घंटी वाजवत होता, ते देऊळ! आणि माझी चप्पल यांच्या खुर्चीखाली गेली होती, ती काढायला वाकले. ते पाय धरणं!"

हसण्याच्या त्या गदारोळात अंगठ्या घातल्या गेल्या. मुहूर्ताचं कोणी नावही काढलं नाही.

घरी आल्यावर मी आठवायला बसलो. इंटरव्हलनंतर मी जागा राहिलो असा एक तरी सिनेमा आठवेना! म्हणजे तो बिचारा कॉम्प्युटर बरोबर होता आणि मी त्याला महिनाभर माझी स्वप्नं शिकवत होतो. मी कंपनीला कबुलीजबाब लिहिला आणि राजीनामा दिला.

दोन दिवसांनी उत्तर आलं. केतकीने मोठ्याने वाचलं. त्यांना राजीनामा नको होता. नवीन तपासनिसांची परीक्षा घेण्यासाठी त्यांना हुबेहूब खरी वाटतील अशी चुकीची उत्तरं लिहिणारा माणूस हवा होता आणि माझ्याइतक्या आत्मविश्वासाने चुकणारं त्यांच्याकडे दुसरं कोणी नव्हतं. माणूसही नाही आणि मशीनही नाही!

छाती फुगवून मी तिथल्या तिथे होकार लिहून पाठवला. तो भलत्याच कंपनीला गेला.