रामनाथचं चिपाड

आमच्या महाळुंगे पडवळात रामनाथसारखा माणूस पुन्हा जन्माला येऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे. काहीही विचारा, तो आधी मिशीवरून हात फिरवतो आणि मग चुकीचं सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात घोडेगावच्या शिबिरात त्याने अर्धं भाषण ऐकलं. उरलेलं जेवणाच्या रांगेत गेलं. युरियाचं पाणी शिंपडून झाकून ठेवलं की निबर चाराही जनावराला पचतो, एवढं कानावर आलं. तेवढ्यावर गडी रसवंत्यांवरून उसाची चिपाडं ओढून आणू लागला. कुट्टी केली, युरिया शिंपडला, वर प्लास्टिकचा कागद दाबला. काही आठवड्यांनी कागद उचलला, तेव्हा उग्र वासाने साऱ्या आळीचे डोळे पाणावले. त्याला वाटलं, कौतुकाने.

गोठ्यात त्याच्या बायकोची, वैजयंतीची, गाय होती. माहेराहून, मढवरून आणलेली, गाभण. रामनाथने तिची पेंड आणि हिरवी मका बंद केली.

"चिपाड किती पचतं ते बघू. पचलं तर पुढंबी हेच."

"आन् न्हाय पचलं तर?" वैजयंतीने विचारलं. "पोटात वासरू हाय तिच्या."

"आकडा सांगंल."

चिपाड तोलून घालायचं, शेण वाळवून तोलायचं, मधला फरक गाईने पचवला. रीत बरी होती, हात मूर्खाचा होता.

आकडा आला शंभरात पंच्याऐंशी. एवढं तर कोवळं गवतही पचत नाही. रामनाथने पारावर पेढे वाटले. इकडे सकाळच्या उन्हात गाय उभी राही, तेव्हा तिची सावलीसुद्धा हाडकुळी पडे.

एका सकाळी गावातला गेणभाऊ चार शेतकरी घेऊन गोठा बघायला आला. रामनाथ काट्यापाशी उभा राहून आकडा सांगत होता, तोच शेजारची साळुबाई बादली घेऊन आली.

"वैजयंते, सड्याला शेण ऱ्हायलंय का गं? आज उशीर झाला मला."

"रोज नेता व्हय, मावशी?" गेणभाऊने विचारलं.

"मी नेते, अंजना नेते, हिची सासू सारवायला घेती. पहाटंच. यांच्या एका गाईवर आख्ख्या आळीचा सडा."

गेणभाऊने काट्यावरच्या वाळक्या शेणाकडे पाहिलं.

"रामनाथराव, तुमी उठता कधी?"

कोणी हसलं. दुसरा म्हणाला, "मंग चिपाड गाईनं न्हाय, आळीनं पचवलं."

दुसरा कोणी असता तर खाली मान घातली असती. रामनाथने मिशीवरून हात फिरवला.

"सड्याचं शेण हिशोबात धरायचं नसतं. ते धर्माचं असतं."

वैजयंतीने दावं सोडलं, गाय मकेच्या बांधाला नेली आणि ताटं मोडून तिच्यापुढे टाकू लागली. गाईच्या चावण्याची करकर गोठ्यापर्यंत ऐकू येत होती.

"बघा," रामनाथ पाव्हण्यांना सांगत होता, "चिपाडानं भूक कशी वाढलीय."