पायाळू

कळंबची भागूबाई पायाळू. जन्मताना आधी पाय आले, डोकं मागून; तेव्हापासून गावाने तिच्या पायाची कदर केली, बाकीच्या भागूबाईची फारशी नाही. कुणाच्या पाठीत उसण भरली की तो तिच्या ओट्यावर येऊन पालथा पडायचा. ती डावा पाय तीनदा पाठीला लावायची. "ऊठ रं, झालं!" एरवी तिच्याकडे ढुंकून न बघणारा सरपंचही एकदा मुकाट पालथा पडला होता, हे ती हसून हसून सांगायची.

नवरा गेल्यावर ती भावाकडे राहिली. भावाची नऊ वर्षांची अक्षदा म्हणजे तिचा जीव की प्राण. गेल्या मे महिन्यात ही पोर जांभळीवरून पाठीवर पडली. उठली, चालत घरी आली. "आत्या, पाठ दुकते गं. पायांना मुंग्या आल्यात."

"उसण हाय. पड पालथी."

भागूबाईने पाय लावला. गुदगुल्या झाल्या म्हणून पोर खिदळली. संध्याकाळी तिला उभंच राहता येईना.

कर्जतच्या दवाखान्यात फोटो काढला, तर हाड न् हाड शाबूत. तरी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मुंग्यांचं ऐकलं आणि पोरीला फळीवर बांधून मुंबईला धाडलं. तिथल्या मोठ्या मशीनमध्ये खरं काय ते कळलं. लहान मुलांची हाडं लवचीक, वाकून पुन्हा जागेवर येतात. पाठीच्या कण्यातली नस मात्र दुखावते.

"माज्या पायानं झालं का?" भागूबाईने विचारलं.

"पडल्यानंच झालं असेल, मावशी," मुंबईचे डॉक्टर म्हणाले. " नक्की कुणीच सांगू शकणार नाही. पण मुंग्या आल्या की मुलाला हलवायचं नसतं, तसंच आडवं ठेवायचं."

असेल! त्या एका शब्दाने बाईला जन्माची शिक्षा झाली.

आता दर दोन तासांनी ती अक्षदाची कूस बदलते, अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून. कमरेपासून खाली पोरीला ना हलता येतं, ना हात लावलेला कळतो. ओट्यावर कुणी पालथं पडायला आलं की अंगावर जाते, "मुंग्या येत्यात का? मग दवाखाना गाठ. माजा पाय मेला!" लोक म्हणतात, भागूबाईला गर्व झाला. म्हणोत बापडे.

परवा दुपारी कूस बदलून झाली. भिंतीकडे तोंड करून अक्षदा म्हणाली, "आत्या, परत एकदा पाय लाव ना. तवा हलका लागला असंल."

भागूबाईला पाय काही उचलवेना. तिने तळहात पोरीच्या कमरेवर ठेवला, घट्ट दाबून धरला. डोळे पुसायलाही काढला नाही.

बऱ्याच वेळाने अक्षदा भिंतीकडे बघतच म्हणाली, "लाव की गं. कवाची वाट बघते."