मोरीचं दूध प्यायलेला गोऱ्हा

गेल्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या खापरजवळच्या एका गावातली कालवड मी तपासून कायमची वांझ ठरवली. मी सरकारी पशुवैद्यक आहे.

कालवड दगाजींच्या सुनेची, कल्पनाची. तळोद्याकडच्या माहेराने लग्नात आंदण दिलेली. अंगाने भरलेली, पण वय होऊनही माजावर येत नव्हती. इंजेक्शनं देऊन झाली होती.

दगाजींचा निर्णय आधीच झाला होता.

"साहेब, व्याहीनी भाकड जनावर गळामा बांधं. तुम्ही फक्त लिखी द्या. हाई त्यासना दारमा बांधसू, अन सूनले बी संगे धाडसू. चांगली गाय लई ये, मंग घरमा ये."

कल्पना दावणीशी उभी होती.

मी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला. गाईचं गर्भाशय गुदमार्गातून हात घालून चाचपतात. ते मेंढ्याच्या वळलेल्या शिंगांसारखं हाताला लागतं. इथे नुसती बोटभर बारीक दोरी लागली. मग बोथट काचनळी योनिमार्गात सरकवून पाहिली. ती चार बोटांवर अडली; एरवी वीतभर तरी आत जाते. बाहेरून मात्र सगळं मादीचं; फक्त शेपटीखाली केसांचा लांब झुपका.

"ही जुळी जन्मली होती का?"

"नाही. ही आमच्या तांबडी गाईची एकटीच," कल्पना म्हणाली. "पण तेव्हा मी नंदुरबारला होस्टेलला होते."

"तुमच्या आईला विचारा."

तिने फोन स्पीकरवर लावला.

"एकली कसी व्हई?" आई म्हणाली. "गोऱ्हा बी व्हता ना! मोरी गायनं वासरू मरेल व्हतं, ती पान्हा सोडे ना. म्हनीसन गोऱ्हा तिले लायी दिधा. आते सर्वा त्याले मोरीनाच म्हनतस. कसाले इचारस? गाय बिमार शे का?"

कल्पनाने माझ्याकडे पाहिलं. मी दगाजींना सांगू लागलो.

सुरुवातीला प्रत्येक गर्भात नर आणि मादी, दोन्ही रचनांची कच्ची तयारी असते. पुढे एक वाढते, दुसरी विरते. गाईच्या पोटात जुळं असलं की बहुधा दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जुळतात. नराची वृषणं आधी तयार होतात. त्यांचे स्राव रक्तातून बहिणीकडे जातात आणि तिचं गर्भाशय वाढतच नाही. गोऱ्ह्याबरोबरची कालवड म्हणून बहुतेक वेळा वांझ निघते. गोऱ्ह्याचं सहसा काही बिघडत नाही.

"औषध?"

"नाही."

"व्याहीले माहीत व्हतं?"

"तुमच्या गोठ्यात असं झालं असतं तर तुम्हाला कळलं असतं?"

दगाजींनी कालवडीच्या पाठीवर हात फिरवला. "आमनी धवळी गाय बी परकंच वासरू पाजी ऱ्हायनी," ते म्हणाले. मग सुनेकडे वळले. "साहेबले चहा ठेव."

दाखल्यावर मी 'वांझ' लिहिलं आणि कारणाच्या जागी 'नरासोबत जुळा जन्म'. तेव्हापासून कालवड माजावर येत नसली तर मी फक्त आई कोण हे विचारत नाही. त्याच दिवशी गोठ्यात आणखी काय जन्मलं, तेही विचारतो.

पुढच्या आठवड्यात तळोद्याहून टेम्पोत तांबडीची धाकटी कालवड आली. ती एकटीच जन्मल्याचं कल्पनाच्या आईने मला फोन करून सांगितलं. मोठी कालवड परत गेली नाही. कल्पनाही गेली नाही.

धाकटी जूनमध्ये गाभण निघाली. ती तपासणी मीच केली.