अंगणापुरतं आभाळ

अकोल्यातल्या आमच्या डाळमिलच्या अंगणात एक बाई डाळ वाळवते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. ती पायानं डाळीत अशा सरळ रेघा ओढत जाते, की वाटावं पेरणीच चाललीय. गच्चीवर हवामानाचं यंत्र बसलं, तेव्हापासून आमच्या अंगणात पाऊस कधी येणार ते माझ्या मोबाईलवर येतं. डाळ भिजणं थांबलं.

ती रोज विचारायची, "भाऊ, आज पानी येते काय?"

परवा मी "नाही" म्हटलं. अंगण संध्याकाळपर्यंत कोरडंच राहिलं.

काल ती म्हणाली, "लेकीसाठी घरी छतावर मुंगवड्या घातल्या होत्या जी. परवा तुमच्या भरवशावर तशाच राहू देल्या. साऱ्या भिजल्या. आमच्या वस्तीत लय पडला."

मी घाईघाईनं मोबाईल दाखवला. "अंदाज बरोबरच होता. तो फक्त मिलपुरता असतो."

"खरा हाये तुमचा मोबाईल. मीच येडी. आभाय साऱ्याईचं एकच हाये, असं समजत होती."

मी खरं बोललो होतो की खोटं, मला अजून कळत नाही.

आज तिनं विचारलंच नाही. वर पाहिलं आणि डाळ पसरायला लागली. मीही वर पाहिलं. मला काहीच वाचता आलं नाही.